रक्ताचा आकडा आणि श्वासाचा आकडा

आमच्या घरात एखाद्याची जन्मतारीख विसरली जाईल, पण त्याचं कोलेस्टेरॉल किती हे कोणी विसरत नाही. त्याला कारणही तसंच झालं. २००६ साली आमच्या भाऊजींना (माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या यजमानांना) हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून बरे झाले, पण सगळ्या घराने धसका घेतला. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर (फराळ संपल्यावर, आधी नव्हे!) प्रत्येकाने रक्त तपासून घ्यायचं आणि आकडे मला फोनवर कळवायचे असा नियमच होऊन गेला. मी पडले शाळेतली बाई. एका दोनशेपानी वहीत मी रकाने आखले. नाव, वर्ष, एकूण कोलेस्टेरॉल, चांगलं, वाईट, ट्रायग्लिसराइड. अगदी गुणपत्रकासारखं.

या गुणपत्रकात अक्का कायम पहिली. १७४, १६८, १७१... तिचा एकूण आकडा कधी दोनशेच्या जवळपासही फिरकला नाही. मी फोनवर म्हणायची, "अक्का, यंदाही तूच वर्गात पहिली!" ती हसायची, आणि ते हसणं खोकल्यात संपायचं. पंधरा वर्षं मी तो खोकला ऐकला. वहीत लिहिला नाही, कारण त्याचा रकानाच नव्हता.

२०२२ साली अक्का नातवाकडे पुण्याला आली आणि एक जिना चढताना तीनदा थांबली. आम्ही सगळे म्हणालो, ऐंशी वर्षांची झालीस, आता दम लागायचाच. नातसुनेला ते पटलं नाही. ती अक्काला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होत्या. छाती तपासून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आजी, आयुष्यभर स्वयंपाक कशावर केलात?"

"चुलीवर. दुसरं काय होतं?"

मग त्यांनी तिच्या हातात एक नळी दिली. छाती भरून श्वास घ्या आणि जोरात, थांबू नका, फुंका, फुंका, फुंका! अक्का म्हणाली, "जलमभर फुंकणीच फुंकली. आता ही नवी फुंकणी."

फुंकणीचा निकाल चांगला नव्हता. औषध ओढायला देऊन परत फुंकायला लावलं, तरी अक्काच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईने पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकायला हवी, त्याच्या निम्मीही तिच्याकडून गेली नाही. आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनलिका अरुंद झालेल्या, फुप्फुसाचा काही भाग कायमचा निकामी. हे दोनचार वर्षांत झालेलं नव्हतं.

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. घरातल्या प्रत्येकाला एक आकडा पाठ, आणि दुसरा आकडा असतो हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही, हे असं कसं झालं? मी डॉक्टर नाही. पण "हे कधीपासून?" असं विचारायची खोड जुनी आहे. म्हणून गेली दोनतीन वर्षं जमेल तसं वाचत गेले. त्यातलं जे कळलं ते इथे मांडते.

आधी आपल्या ओळखीच्या आकड्याचं चरित्र बघू.

कोलेस्टेरॉलला नाव दिलं ते मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, पित्ताशयातल्या खड्यांमध्ये सापडणाऱ्या मेणासारख्या पदार्थाला. साल साधारण १८१५. ग्रीक भाषेतले 'पित्त' आणि 'घट्ट' असे दोन शब्द जोडून ते नाव तयार झालं. गंमत म्हणजे हे शेव्रल महाशय स्वतः १०२ वर्षं जगले! पुढे १९१० मध्ये जर्मनीतल्या ॲडॉल्फ विंडाउस यांनी दाखवलं की आजारी, कडक झालेल्या महाधमनीत निरोगी धमनीपेक्षा कोलेस्टेरॉल कितीतरी पट जास्त असतं. १९१३ मध्ये रशियातल्या निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, आणि सशांच्या धमन्यांत माणसासारखेच थर साचले. पण ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्यावरून माणसाचं काय सांगणार, म्हणून बरीच वर्षं त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

माणसाचं उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात. बॉस्टनच्या पश्चिमेला वीसेक मैलांवरचं हे गाव. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढत होता आणि त्याचं नेमकं काय करावं हे त्या काळच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. १९४८ मध्ये ट्रूमन यांनी हृदयविकाराच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी फ्रॅमिंगहॅमची पाहणी सुरू झाली. गावातल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांना सांगण्यात आलं की दर दोन वर्षांनी या, आम्ही तुम्हाला तपासू आणि लिहून ठेवू. औषध द्यायचं नाही, प्रयोग करायचा नाही. फक्त बघायचं, कोणाला काय होतं ते. त्या गावाच्या चिकाटीला खरोखर नमस्कार करावासा वाटतो. आज त्यांच्या मुलांची आणि नातवंडांचीही तपासणी होते.

१९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. वाढलेलं कोलेस्टेरॉल, वाढलेला रक्तदाब ही पुढच्या हृदयविकाराची आधी दिसणारी चिन्हं आहेत, असं त्यातून निघालं. 'जोखमीचे घटक' म्हणजे रिस्क फॅक्टर हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे, तो रुळला या लेखानंतर.

आता दुसऱ्या आकड्याचं चरित्र. तो जास्त जुना आहे, हे वाचून मी चकित झाले.

१८४६ मध्ये लंडनमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने एक यंत्र लोकांपुढे मांडलं. पाण्यात उपडं ठेवलेलं एक भांडं, कप्पीवरून सोडलेल्या वजनांनी तोललेलं. नळीतून फुंकलं की भांडं वर उचललं जायचं आणि बाजूच्या पट्टीवर किती हवा आली ते वाचता यायचं. यंत्राचं नाव स्पायरोमीटर. या हचिन्सनने २,१३० माणसांना फुंकायला लावलं. त्यात खलाशी होते, आग विझवणारे होते, पोलीस, छापखान्यातले कामगार, पैलवान, गरीब आणि बड्या घरचे सद्गृहस्थही होते. त्याला दिसलं की ही हवा उंचीप्रमाणे वाढते. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान दर इंचाला आठ घनइंच. वय वाढलं की ती कमी होते. आणि क्षयाच्या माणसात ती इतकी कमी भरते, की छातीला कान लावून काही ऐकू येण्याआधीच यंत्र सांगून जातं.

त्याने या हवेला नाव दिलं 'व्हायटल कपॅसिटी'. म्हणजे जगण्याची क्षमता. श्वासाची क्षमता असं साधं नाव देता आलं असतं. पण त्याला वाटत होतं की हा आकडा नुसता फुप्फुसाचा नाही, माणूस किती जगेल याचाही आहे. विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल असंही तो म्हणत होता. पुढे १८५२ मध्ये तो सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून फिजी बेटांवर. १८६१ मध्ये तिथेच वारला. त्याने जे म्हटलं होतं ते खरं की खोटं हे तपासायला शंभर वर्षं जावी लागली.

आणि ते तपासलं कोणी? फ्रॅमिंगहॅमने!

इथे मी वाचता वाचता थांबले होते. फ्रॅमिंगहॅमच्या लोकांचं नुसतं रक्त काढलेलं नव्हतं, त्यांना फुंकायलाही लावलं होतं. एकाच गावात, त्याच माणसांचे दोन्ही आकडे लिहून ठेवलेले होते. १९७४ मध्ये कॅनेल आणि विल्यम कॅस्टेली यांच्या गटाने दाखवलं की ज्यांची व्हायटल कपॅसिटी कमी, त्यांचं हृदय पुढे थकण्याची शक्यता जास्त. १९८३ मध्ये याच पाहणीतून आणखी एक लेख आला. त्याचा मथितार्थ असा, की श्वासाचा आकडा हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूचीही आगाऊ सूचना देतो. म्हणजे हचिन्सनने ठेवलेलं नाव बरोबर निघालं. ज्या माणसांनी जगाला कोलेस्टेरॉल शिकवलं, त्याच माणसांनी, त्याच वह्यांमधून हेही सांगितलं होतं. पहिलं आपल्या घरापर्यंत पोचलं. दुसरं वाटेतच राहिलं.

का राहिलं?

एक कारण मला सरळ दिसतं. पहिल्या आकड्याला औषध मिळालं. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शेतकरी कुटुंबातले शास्त्रज्ञ होते. लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचं त्यांना वेड. त्यांनी सहा हजारांवर बुरशी तपासल्या, आणि १९७३ मध्ये भातावरच्या एका बुरशीत यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं रोखणारा पदार्थ सापडला. त्यातूनच पुढे स्टॅटिन हा औषधांचा वर्ग उभा राहिला. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सुमारे पाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आमचे भाऊजी २००६ नंतर बारा वर्षं जगले त्यात या गोळीचा वाटा आहे, आणि एंडो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. ज्या आकड्याला गोळी असते तो आकडा लोक विचारतात. त्याची जाहिरात होते, शिबिरं होतात.

श्वासाच्या आकड्याला अशी गोळी नव्हती.

दुसरं कारण तपासणीतच आहे. रक्त काढायला माणसाने नुसता हात पुढे करायचा. फुंकायला मात्र त्याने मन लावून जोर करावा लागतो. शिकवणारा माणूस लागतो, तीनतीन वेळा करून घ्यावं लागतं, म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो. पॅरिसमध्ये रॉबर्ट टिफनो यांनी १९४७ मध्ये एकूण हवेबरोबर पहिल्या सेकंदातली हवा मोजायची कल्पना मांडली. नळ्या अरुंद असल्या की हवा हळू बाहेर येते हे त्यामुळे कळायला लागलं. आजही निदान त्याच तत्त्वावर होतं. म्हणजे यंत्र आहे, पद्धत आहे, पण दर दिवाळीनंतर फुंकून येणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात लागलं. हा आजार विडी-सिगारेटवाल्यांचा, असं आपण ठरवून टाकलं. त्यात अर्थात तथ्य होतंच. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि धूर म्हटलं की सिगारेट हे समीकरण पक्कं झालं. मग जिने आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्या बाईच्या फुप्फुसाकडे कोण बघणार?

बघितलं होतं. आपल्याच देशात, आणि एका बाईने.

डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती. जन्म १९१७, ब्रह्मदेशात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य आलं तेव्हा कुटुंबासह भारतात आल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५० च्या दशकात दिल्लीत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की हृदयाची उजवी बाजू थकलेल्या रुग्णांमध्ये बायका पुरुषांच्या बरोबरीने आहेत. ही बाजू फुप्फुसं बिघडली की थकते, कारण बिघडलेल्या फुप्फुसात रक्त ढकलायला तिला जास्त जोर लावावा लागतो. पुरुष विडी-सिगारेट ओढत होते हे ठीक. पण बायका फारशा ओढत नव्हत्या. मग त्यांना हे का? पद्मावतींनी बोट ठेवलं ते चुलीवर. शेणाच्या गोवऱ्या, लाकडं, कोंडलेलं स्वयंपाकघर, आणि लहान वयापासून रोज तासन्‌तास त्या धुरात बसणं. दुखणं हृदयाचं दिसत होतं, पण त्याचं मूळ फुप्फुसात होतं आणि फुप्फुसाचं मूळ चुलीत.

त्या २०२० साली १०३ वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांनी हे लिहिलं तेव्हा आमची अक्का कुठे होती याचा हिशेब मी मांडला. ती तेव्हा सोळासतरा वर्षांची, नुकतं लग्न होऊन सासरी आलेली, दहा माणसांच्या भाकऱ्या थापत होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. म्हणून आठवी ते अकरावी (तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असे) मी अक्काच्या सासरी राहून शिकले. सांगली जिल्ह्यातलं गाव, धाब्याचं घर, स्वयंपाकघराला एक हातभर झरोका. जळण म्हणजे शेणी आणि उसाची चिपाडं. पावसाळ्यात जळण ओलं झालं की धुराने समोरचं माणूस दिसायचं नाही. अक्का फुंकणी घेऊन चुलीत फुंकायची, डोळे पुसायची, परत फुंकायची. मी भाकरी करू लागते म्हटलं तर हाकलून द्यायची. "तू भाईर जा. धुरानं डोळं जात्याल तुजं. आब्यास कर." अक्का चौथीतून शाळा सोडून चुलीपुढे बसली होती. मी बाहेर कट्ट्यावर बसून इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या. पुढे बी.ए. झाले, बाई झाले. तिने मला ज्या धुराबाहेर काढलं, तो तिने स्वतः घेतला. आणि मी तिच्या नावापुढे दरवर्षी काय लिहीत होते, तर कोलेस्टेरॉल १७१, उत्तम!

असो. परत विषयाकडे येते.

वाचताना मला एक भाबडी आशाही वाटली होती. रक्तातला मेद आणि फुप्फुस यांचा काही थेट संबंध असेल, म्हणजे एकाच गोळीत दोन्ही सांभाळलं जाईल, असं कोणी शोधलंय का? संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेली यांना नुकतंच खाऊन झालेल्या कुत्र्याच्या आतड्यांवर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या बारीक वाहिन्या दिसल्या. टोचल्यावर त्यातून दुधासारखा रस आला. १६५१ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेके यांनी तो रस छातीतल्या एका वाहिनीतून गळ्याजवळच्या शिरेत जातो हे प्रसिद्ध केलं. तो रस म्हणजे जेवणातला मेद. साखर आणि प्रथिनं आतड्यातून थेट यकृताकडे जातात. मेद मात्र बहुतेक या वाटेने आधी हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसात पोचतो. आपण पुरणपोळीवर तूप घेतो, त्याची पहिली गाठ फुप्फुसाशी पडते!

शिवाय फुप्फुसातल्या कोट्यवधी इवल्या फुग्यांना आतून जो पातळ लेप असतो, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग मेदाचाच असतो, आणि त्यात थोडं कोलेस्टेरॉलही. तो नसेल तर श्वास सोडल्यावर फुगे मिटून जातील. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा लेप पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना श्वास घेता येत नाही, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच कारणाने दोन दिवसांच्या आत गेलं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला लेप दहा बाळांना देऊन गुण आल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे मेद हा काही सरसकट शत्रू नाही. पहिल्या श्वासापासून तो आपल्याबरोबर आहे.

पण गोळीचं काय? काही जुन्या नोंदी पाहून असं वाटायला लागलं होतं, की स्टॅटिन घेणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांना त्रास कमी होतो. मग अमेरिका आणि कॅनडातल्या ४५ केंद्रांमध्ये ८८५ रुग्णांवर नीट चाचणी घेतली. हृदयासाठी ज्यांना स्टॅटिन घ्यायलाच हवं होतं ते यात नव्हते. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०१४ मध्ये निकाल आला. दम वाढून आजार बळावण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी १.३६ वेळा, आणि न घेणाऱ्यांत १.३९ वेळा. म्हणजे फरक नाही. रक्ताच्या आकड्याचं औषध श्वासाच्या आकड्याच्या कामी आलं नाही. हृदयासाठी ज्यांना ती गोळी दिली आहे त्यांनी ती घेतच राहावी, याच्याशी त्याची गल्लत करू नये. पण एकाच्या निकालावरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही, हे मला या आकड्यांनी शिकवलं.

म्हातारपणात तर हे आणखीच खरं. फ्रॅमिंगहॅमच्याच १९७७ च्या लेखात ४९ ते ८२ वयाच्या माणसांचा हिशेब आहे. त्या वयात नुसत्या एकूण कोलेस्टेरॉलवरून हृदयविकाराचा अंदाज बांधता येईना. 'चांगलं' कोलेस्टेरॉल किती, हे जास्त बोलकं ठरलं. शिवाय दीर्घ आजाराने माणूस खंगला, वजन उतरलं, की कोलेस्टेरॉलही उतरू शकतं. माझ्या वहीत २०१९ साली अक्काच्या नावापुढे १५१ असा आकडा आहे. त्यापुढे मी लाल शाईने 'शाब्बास' लिहिलंय. त्या वर्षी तिच्या अंगावरचे ब्लाऊज सैल झाले होते. ते मी पाहिलं होतं, आणि म्हटलं होतं, बरं झालं, चरबी झडली.

आता चांगलं तेही सांगते. १९७७ मध्येच चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी पश्चिम लंडनमधल्या ७९२ कामगारांच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून एक आलेख काढला. तिशीनंतर प्रत्येकाचा श्वास दरवर्षी थोडाथोडा उतरतो, साधारण २५ ते ३० मिलिलिटर. धूम्रपानाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचा तो कितीतरी वेगाने उतरतो. पण कोणत्याही वयात धूर सोडला, की गेलेलं परत येत नसलं तरी उतरण्याचा वेग पुन्हा साधारण माणसाइतका होतो. मला हा आलेख फार धीर देणारा वाटला.

अक्काच्या गावच्या घरात गॅस होता, पण अंघोळीचं पाणी आणि भाकऱ्या चुलीवरच व्हायच्या. "गॅसवरल्या भाकरीला चव न्हाई." ती चूल २०२२ च्या दिवाळीत आम्ही मोडली. अक्का दोन दिवस बोलली नाही. आता ती रोज दोन वेळा पंप ओढते, फ्लूची लस घेते, अंगणात मोजून फेऱ्या मारते. जिना अजूनही चढवत नाही, पण देवळापर्यंत न थांबता जाते. डॉक्टरांनी तिला दम लागला की करायचा एक व्यायाम शिकवला. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि हळूहळू फुंकत सोडायचा. अक्का म्हणाली, "ह्यात काय शिकायचं? फुंकणी तोंडात धरल्यागत करायचं. येतंय की मला."

यंदा मी नवी वही केली आहे. तिच्यात एक रकाना जास्त आहे. हे वाचणाऱ्या माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, सुनांनो आणि इथे येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, दिवाळीनंतर तुमचे आकडे कळवाल तेव्हा घरातल्या ज्या बाईने वर्षानुवर्षं चूल फुंकली आहे, तिला एकदा त्या नळीत फुंकवून आणा. आणि फोनवर ती हसता हसता खोकली, तर आधी तिला विचारा, हा खोकला कधीपासून आहे.